पवित्र गुरुवारी, मागच्या नळावर

"टाच वर कर गो. अजून वर."

मी टाच वर केली. चर्चच्या पॅरिश हॉलच्या मागे धुण्याच्या दगडावर मी बसलेली. सलवार गुडघ्यापर्यंत ओढलेली. समोर प्लॅस्टिकच्या स्टुलावर ब्रिजिट आंटी. हातात कपडे घासायचा ब्रश. आधी वजरीने घासून झालं होतं. वजरीने निघेना म्हणून तिने माझ्या आईला आमच्या खोलीतून ब्रश आणायला पाठवलं. आईने आणून दिला आणि बाजूला उभी राहिली. पदर तोंडाशी धरून.

"किती माती गो ही! संध्याकाळी फादर ह्याच पायांना ओठ लावणार. लाज नाही वाटणार तुला?"

माती नव्हती ती. चिऱ्याचा रंग होता. माझे बाबा हातखंब्याच्या बाजूला चिरेखाणीवर कामाला होते. जमिनीतून तांबडा दगड कापून काढायचा, त्याचे चौकोनी चिरे करायचे, गाडीत भरायचे. शाळेच्या सुट्टीत मी आणि आई चिरे वाहायचो. अनवाणी. त्या धुळीत वर्षानुवर्षं चाललं की टाचेला भेगा पडतात आणि तो लाल रंग भेगांत बसतो. मग तुम्ही कॉलेजात जा, सँडल घाला, क्रीम लावा, काही करा. तो जात नाही. आंटीला वाटलं, मी अंघोळ करत नाही.

एका भेगेतून रक्त आलं. मी पाय मागे घेतला.

"हळद लाव तेवढ्यावर," आंटी आईला म्हणाली. "आणि वरून थोडी पावडर. फोटोत दिसायला नको."

हॉलमध्ये बाकीचे अकरा जण बसले होते. पंखा चालू होता. कोकम सरबत चाललं होतं, कोणीतरी मोठ्याने हसत होतं. त्यांचे पाय कोणी तपासले नव्हते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. ईस्टरच्या आधीचा गुरुवार आमच्यात पवित्र गुरुवार. येशूने शेवटच्या जेवणाच्या वेळी आपल्या शिष्यांचे पाय धुतले. गुरू असून नोकराचं काम केलं. त्याची आठवण म्हणून त्या संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर गुडघ्यावर बसतात, बारा माणसांचे पाय धुतात, टॉवेलने पुसतात, ओठ लावतात. फार सुंदर विधी आहे. मला लहानपणी तो बघताना रडू यायचं, खरंच सांगते. आता सगळेच घरून पाय धुऊन, नखं कापून येतात, ते सोडा. कोण फादरसमोर घाणेरडा पाय धरेल? पण घरून स्वतः धुऊन येणं वेगळं. मला जळकं पातेलं घासावं तसं घासलं होतं. आईच्या डोळ्यांदेखत.

आम्ही मूळचे जालन्याकडचे. आजोबा तिकडेच ख्रिस्ती झाले. गावात पाणवठा वेगळा होता, चर्चमध्ये सगळ्यांना एकच पाणी, म्हणून झाले. आपली जात बाप्तिस्म्यात गेली, असं ते सांगायचे. बिचारे! रत्नागिरीत आलो तेव्हा कळलं की ती नुसतीच बाजूला ठेवली होती, हाताशी राहील अशी. इथली जुनी ख्रिस्ती घरं वेगळी. कोणाच्या हापूसच्या बागा, कोणाचा गोव्याकडे धंदा, कोणाची मुलं दुबईत. ते आम्हाला वाईट बोलत नसत. ते आम्हाला "आपली गरीब मंडळी" म्हणत.

बाबा गेले तेव्हा मी नववीत होते. छातीत धूळ साठून गेले. खाणीवरची झोपडी खाणमालकाची. माणूस गेला की झोपडी गेली. तेव्हाच्या म्हाताऱ्या फादरनी आम्हाला हॉलमागची खोली दिली. पूर्वी तिथे खुर्च्या ठेवायचे. आई फादरच्या बंगलीत स्वयंपाक करायची, चर्च झाडायची. खोलीला भाडं नव्हतं. भाडं नव्हतं म्हणून तर सगळा घोटाळा. भाडं असतं तर दिलं आणि सुटलो असं झालं असतं. उपकार कधी फिटत नाही. कोणीही कधीही दारात यायचं. "अगो, जरा हॉल पुसून घे." "अगो, पन्नास जणांचा चहा टाक." मी परीक्षेच्या अभ्यासाला बसलेली असले तरी उठायचे. आई डोळ्यांनी सांगायची, ऊठ. खोली गेली तर आपण कुठं जाणार, हे एवढं एकच वाक्य आमच्या घरात होतं. बोलायचीही गरज नव्हती त्याची. भिंतीला कान लावला तरी ऐकू आलं असतं.

म्हणून मी हसतमुख राहायला शिकले. जबडा दुखायचा.

आणि आता गंमत ऐका. त्या वर्षी पॅरिशने ईस्टरआधीच्या उपवासकाळासाठी विषय घेतला होता, सामाजिक न्याय. हॉलवर मोठा बॅनर. युथ ग्रुपची मुलं खाणीवरच्या वस्तीत तांदळाच्या पिशव्या घेऊन गेली, फोटो काढले, परत आली. मुलांना शिकवायचं ठरलं, तर पहिल्या रविवारी आठ-दहा जण आले, दुसऱ्या रविवारी दोघं, मग मी एकटी. भर उन्हात एसटीने जायचे, वस्तीत चालत जायचे, सावलीला ताडपत्री टाकून मुलांना वाचायला शिकवायचे. कन्नड बोलणारी मुलं, नेपाळी मुलं, आमच्या जालन्याकडची मुलं. त्यांच्या पायांना तोच रंग. मला ते काम आवडायचं. तिथे कोणी मला अगो म्हणून हाक मारत नसे. ताई म्हणायचे.

ब्रिजिट आंटी पॅरिशच्या सेवा समितीची प्रमुख. ती म्हणाली, ह्या वेळी बारा जणांत वस्तीचं काम दिसायला हवं, तू बस. मी आनंदले हो! मला वाटलं, शिकवणारी म्हणून बसवतात. आईने त्या दिवसासाठी इस्त्री करून आणली साडी. तिची लग्नातली.

मग तो नळ. मग ब्रश.

तिथेच उठून का नाही गेलीस, असं मला पुढे खूप जणांनी विचारलं. ज्यांचं घर स्वतःचं आहे ते असं विचारतात. मी उठले असते तर आई कुठे झोपली असती? मी आईकडे बघितलं. ती मान हलवत होती. नको, नको, नको. अंगाचा नुसता तिळपापड होत होता आणि मी टाच वर धरून बसले होते.

संध्याकाळी चर्च गच्च भरलं. वेदीपुढे बारा खुर्च्या. माझी शेवटची. फादरनी प्रवचनात न्यायावर बोलून घेतलं, चांगलं बोलले. नंतर आंटी माईकवर आली. ज्यांचे पाय धुतले जाणार त्या प्रत्येकाची तिने ओळख करून दिली. डॉक्टर. बँकेतले साहेब. शिक्षिका. बागायतदार. युथ ग्रुपचा लीडर, म्हणजे आंटीचाच मुलगा, "जो आपल्या वस्तीवरच्या शाळेचं नेतृत्व करतो." तो वस्तीवर एकदाच आला होता, तांदळाच्या दिवशी. त्याला तिथली एक वाट माहीत नव्हती. माझी पाळी आली.

"आणि ही आपल्या आश्रयाला असलेली गरीब मुलगी. वस्तीतल्या दुबळ्या बांधवांच्या वतीने ती आज इथे बसली आहे."

लोकांनी माझ्याकडे फार प्रेमाने बघितलं. ते प्रेमच मला सहन झालं नाही. शिवी परवडली असती. शिवीला उत्तर देता येतं.

साडीच्या आत घामाची धार. मनात एकच चाललं होतं. मला दान देणाऱ्यांत बसवायला नको, घेणाऱ्यांत तर नकोच, पण जे काम मी केलं ते तरी माझ्या नावावर राहू द्या की! तेही काढून घेतलं आणि वर पाय धुऊन देणार. माझ्या गप्प बसण्यावर ह्यांचा न्याय उभा होता. मी गप्प बसायचे म्हणून त्यांना तो इतका छान दिसायचा.

फादर एकेक खुर्ची करत आले. गायन चालू होतं. पाणी ओतल्याचा आवाज, टॉवेल, पुढची खुर्ची. माझ्यासमोर गुडघ्यावर बसले. नवीन होते ते, तरुण, माणूस वाईट नाही. त्यांनी माझ्या पायासाठी हात पुढे केला.

मी पाय खुर्चीखाली घेतला.

"बाळा, पाय पुढे कर," ते हळूच म्हणाले.

"नाही फादर."

"काय झालं? नंतर बोलू आपण. आत्ता पुढे कर."

"दुपारी मागच्या नळावर धुतलेत माझे पाय. कपड्यांच्या ब्रशने. रक्त येईपर्यंत. तुम्हाला घाण लागू नये म्हणून."

मी ओरडले नाही. पण फादरच्या झग्याला छोटा माईक लावलेला होता. माझ्या लक्षात नव्हतं. गायन थांबलं. अख्ख्या चर्चने ऐकलं. मी मग उठलेच. आता बसून काय करणार होते? मी म्हणाले, "मी कोणाच्या आश्रयाला नाही. माझी आई तुमचं जेवण करते. वस्तीवर मी शिकवते." आणि मधल्या वाटेने अनवाणी बाहेर आले. शूर वगैरे काही वाटत नव्हतं, फक्त खोली गाठायची होती.

खोलीत आईने मला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा. मारत होती आणि रडत होती. "माय, तू काय केलंस? आता कुठं जाऊ मी तुला घेऊन?" मी मार खाल्ला. तिचा राग चुकीचा नव्हता, पत्ता चुकला होता.

शनिवारी फादर दारात आले. बसले नाहीत. म्हणाले, झालं ते वाईट झालं, आंटीचं चुकलं असेल, पण ती पॅरिशसाठी किती करते. विधीचा अपमान झाला. ईस्टरच्या मिस्सेनंतर हॉलमध्ये सगळ्यांसमोर सॉरी म्हण, विषय संपला. नाही तर समिती खोलीबद्दल विचार करतेय. खोली हॉलच्या कामासाठी लागणार आहे.

"ती म्हणेल फादर, म्हणेल," आई हात जोडून म्हणाली. "लेकरू आहे."

मी एकवीस वर्षांची होते.

रात्रभर आई माझे पाय चेपत बसली. माझे पाय! मी नको म्हटलं तरी सोडेना. "एक शब्द आहे गं तो. सॉरी. हे लोक दिवसातून वीसदा म्हणतात." खरंच होतं तिचं. एक शब्द. तो म्हटला असता तर आजही आम्ही तिथेच असतो. ती चहा टाकत, मी हसत. मला मुलं झाली असती तर तीही त्याच दारात उठून उभी राहायला शिकली असती. हे मला स्वच्छ दिसलं आणि मला भीती वाटली. घर जाण्यापेक्षा जास्त भीती वाटली.

ईस्टरला हॉलमध्ये केक होता. सगळे गोल उभे. आंटी पांढऱ्या झग्यात, हात पुढे करून, मिठी मारायला तयार. माफ करायला केवढी उत्सुक होती ती! फादर म्हणाले, "बोल बाळा."

मी म्हणाले, "माफी मागायची असेल तर माझ्या आईची मागा. तिच्याकडून ब्रश आणवलात. खोली आम्ही सोडतो."

आंटीचे हात तसेच राहिले. मग ती म्हणाली, "बघा, एवढं करून हे असं." बस्स. एवढंच.

आता आम्ही कुवारबावला भाड्याच्या एका खोलीत राहतो. पत्र्याची आहे, तापते. आई दोन घरी स्वयंपाक करते. वर्षभर ती माझ्याशी धड बोलली नाही. अजूनही कधी उन्हाने जीव गेला की म्हणते, तिथं स्लॅब होता. मी ऐकून घेते. तिला गमवावं लागलं ते मला नाही लागलं.

युथ ग्रुपच्या व्हॉट्सअपवरून मला त्याच दिवशी काढलं. वस्तीवरची शाळा त्यांनी बंद झाली असं जाहीर केलं. शाळा चालू आहे. मी दर रविवारी जाते. मध्यंतरी पॅरिशच्या कार्यक्रमासाठी त्यांना मुलांचे फोटो हवे होते. मी दिले नाहीत. म्हटलं, मुलं बघायची तर या, ताडपत्रीवर बसा, शिकवा. अजून कोणी आलेलं नाही.

सगळ्यांना वाटलं, ही आता चर्च सोडणार. काहींना तशी आशाही होती. मी का सोडू? आजोबांनी ज्याच्यासाठी जुना धर्म सोडला ते ह्यांच्या बापाचं नाही. मी मिस्सेला येते. आई मागे दाराशी उभी राहते, तिची सवय आहे. मी पुढे जाते. आंटीच्या घरचे बसतात त्या पहिल्या बाकावर, कडेला जागा असते, तिथे बसते. पहिल्या वेळी आंटीने पर्स आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली आणि म्हणाली, "जरा मागे जागा आहे गो."

मी पर्स उचलून तिच्या मांडीवर दिली.

मी सरकले नाही. सरकणार नाही.