गुरुजींच्या ओळखीचा माणूस

सोमवार, १४ जून २००४, सकाळी दहा. कामतघरच्या दवाखान्यात हजर: डॉक्टर, मी (नंबर, नोंदवही आणि गोळ्यांच्या पुड्या माझ्याकडे), बाकावर सात पेशंट आणि म्हात्रे गुरुजी. गुरुजी पेशंट नव्हते. ते कधीच नसत. त्यांच्या ओळखीचा एक माणूस आजारी असे, त्याच्या वतीने ते येत.

त्या माणसाला मूळव्याध, गजकर्ण आणि वाढलेली साखर असल्याची नोंद माझ्या वहीत आहे. "त्याला विचारायचंय, लग्नाच्या पंगतीत दोन जिलब्या चालतील का?"

"त्याला सांगा, एकही नाही," डॉक्टर म्हणत.

गुरुजींचा चेहरा पडे. "वाईट वाटेल हो त्याला."

उभा जन्म त्यांनी शाळेत व्याकरण शिकवलं होतं. एकदा मी धीर करून विचारलंच, की हा माणूस आहे तरी कोण? म्हणाले, "शैलाताई, बोलतो तो पहिला, ऐकतो तो दुसरा आणि ज्याच्याबद्दल बोलायचं तो तिसरा. दुखणं नेहमी तिसऱ्याला द्यावं. तो समोर नसतो, त्यामुळे लाजत नाही."

त्या सोमवारी मात्र पंचाईत झाली. दवाखान्याच्या भिंतीला लागूनच लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडता कारखाना, त्यामुळे आमच्याकडे गुपितंही ओरडूनच सांगावी लागत. गुरुजी डॉक्टरांच्या कानाशी वाकून ओरडले, "त्याच्या जांघेत..." आणि लाईट गेली. लूम थांबले. "...लिंबाएवढी गाठ आलीय!" हे रिक्षा स्टँडपर्यंत ऐकू गेलं.

बाकावरचा एक लूम कामगार आपुलकीने म्हणाला, "मास्टरजी, उस आदमी को बोलो, लंगोट कस के बाँधे."

"सांगतो," गुरुजी गंभीरपणे म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांना पडद्यामागे नेलं. "त्याच्या जागी तुम्ही झोपा आणि गाठ नेमकी कुठे ते दाखवा." बाहेर आले तेव्हा डॉक्टर हसत नव्हते. हर्निया होता. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, ऑपरेशन याच आठवड्यात करायला हवं.

"सांगून बघतो. पण तो ऐकत न्हाय," गुरुजी म्हणाले. त्यांच्या तोंडून 'न्हाय' मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींची बायको, आमच्या काकू, त्यांना हाताला धरून घेऊन आल्या. "डॉक्टर, यांचा तो माणूस माझ्याच घरात हाय! माझ्याच चटईवर कण्हतो, माझीच भाकर खातो. त्याला काय झालं तर कपाळ माझं फुटंल!"

गुरुजी हळूच म्हणाले, "तो घाबरलाय. फार घाबरलाय."

मी वही मिटली. अडून राहिलेलं काम मला बघवत नाही. "घाबरलाय ना? मग एकट्याला पाठवू नका, गुरुजी. तुम्ही सोबत जा."

गुरुजी म्हणाले, "सोबत जायला माझी हरकत नाही."

"चला, दोघांचा डबा मी आणते," काकू म्हणाल्या.

मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी देण्याआधी, ऑपरेशनला तयार असल्याची सही घ्यायची आमची पद्धत होती. कागदावर दोन ओळी: एक पेशंटची, एक सोबतच्या नातेवाइकाची. गुरुजींनी चष्मा पुसला, दुसऱ्या ओळीवर वळणदार सही केली आणि 'पेशंटशी नाते' यापुढे लिहिलं: लहानपणापासून ओळख.

ऑपरेशन नीट झालं. महिन्याभराने गुरुजी पेढे घेऊन आले, अर्थात त्याच्यातर्फे. मी कागद पुढे केला. "पेशंटची सही राहिलीय."

"तो काल्हेरला गेलाय. आला की पाठवतो."

पुढची चार वर्षं मी विचारत राहिले. तो कधी मानकोलीला असे, कधी लग्नाला, कधी नुकताच जेवून आडवा झालेला. मग एका दुपारी गुरुजीच गेले, झोपेत, कुणालाही न सांगता. दवाखान्याच्या 'बाकी कामे' या यादीत पहिली ओळ अजून तीच आहे: पेशंटची सही घेणे.