उरलेली चिठ्ठी

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन उमेदवारांना सारखी मतं पडली, की ईश्वरचिठ्ठी काढतात. अकोल्याच्या एका दैनिकात आधी वार्ताहर आणि नंतर उपसंपादक असताना अशा बातम्या मी बऱ्याच केल्या. एकाच कागदाचे दोन तुकडे, दोन नावं, सारख्या घड्या, बरणी. एक चिठ्ठी उचलली जाते, पण काम तिथे संपत नाही. निवडणूक अधिकारी उरलेली चिठ्ठीही उघडून सगळ्यांना दाखवतो. गावच्या वार्ताहराचा फोन आला, की मी आधी तेच विचारायचो: उरलेली दाखवली का?

आमच्या घरी चिठ्ठी निघाली तेव्हा मी हे विचारलं नाही.

वडिलांना लकवा झाला होता. उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही गेल्या. दवाखान्यातून त्यांना गावी, मेडशीला आणलं आणि दोन मुलांपैकी घरी कोण राहणार, हा प्रश्न आला. मोठा भाऊ पुण्यात कंपनीत, मी अकोल्यात. आईच्या एकटीच्यानं वडिलांची कूस बदलणं होत नव्हतं. भावानं दोन चिठ्ठ्या लिहून देवापुढच्या ताटलीत टाकल्या. आईला वाचता येत नाही, म्हणून उचलायची तिनं, असं ठरलं. तिनं उचललेली चिठ्ठी भावानं वाचली आणि माझ्या हातात दिली. माझं नाव होतं. दुसरी त्यानं खिशात घातली. संपादकांनी मला वर्षभराची बिनपगारी रजा दिली.

डॉक्टरांनी दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितलं होतं. नाही बदलली तर पाठीला जखमा होतात. एसटी वेळेवर मिळाली तर दोन तासांत तालुक्याला, मालेगावला जाऊन परत येता येतं. अकोल्याला जाऊन येता येत नाही. त्या वर्षात मी मालेगावच्या पुढे गेलो नाही. आई खोलीत असायची, वडील पलंगावर, मी दाराशी. तिघांपैकी दोघं बोलू शकत होते, पण बोलण्यासारखं फारसं नसायचं.

रजा संपायला आठवडा राहिला असताना भाऊ सोयाबीनच्या सोंगणीसाठी आला. परत येणार की नाही, हे मला रविवारपर्यंत संपादकांना कळवायचं होतं. नाही आलो तर जागा भरली जाणार होती. हे मी भावाला फोनवर सांगितलं होतं. आल्यावर बोलू, असं तो म्हणाला होता. शनिवारच्या दुपारपर्यंत तो बोलला नाही.

त्या दुपारी वडिलांच्या खोलीत टीव्हीवर हिंदीत डब केलेला एक इंग्रजी सिनेमा लागला होता. देवमाशांची शिकार करणाऱ्या एका जुन्या जहाजाची खरी गोष्ट. एक प्रचंड देवमासा जहाजावर येऊन आदळला आणि जहाज फुटलं.

"काहून मारून राह्यले होते त्याले?" आईनं विचारलं.

"तेलासाठी, माय. दिव्यात जाळाले."

"मंग बरं केलं त्यानं. फोडलं जहाज."

वडील हसले. ते हसले की तोंडाची डावी बाजू तेवढी हलते.

वाचलेले खलाशी होड्यांमध्ये बसून निघाले. आठवडे गेले. अन्न संपलं, माणसं मेली, उरलेल्यांनी मेलेल्यांना खाल्लं. आईनं पदर तोंडाला लावला, पण बघत राहिली. मग एका होडीतल्यांनी टोपीत कागदाचे तुकडे टाकले.

"हे काय करून राह्यले आता?"

"चिठ्ठ्या टाकून राह्यले," भाऊ म्हणाला. "ज्याची निंघन त्याले मारतीन, अन बाकीचे खातीन."

एकानं चिठ्ठी उघडली. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर राहिला.

"उरलेल्या काई दाखवल्या नाई," मी म्हणालो.

भावानं आवाज बंद केला. "तुले काय म्हनायचं हाय?"

"पिच्चरचं म्हनलं."

"पिच्चरचं नाई म्हनलं तू."

"दोन्हीवर तुयंच नाव होतं," आई म्हणाली. ती अजून टीव्हीकडेच बघत होती. "मीच लिव्हाले लावलं. त्याले बोल नको लावू."

"म्या नाई म्हनलं होतं," भाऊ म्हणाला.

"एकडाव म्हनलं. मंग लगेच लिव्हलं."

मी आईला विचारलं, काहून.

"हा राह्यला असता तं रोज बोलला असता. तुमच्यापाई माही नोकरी गेली, तुमच्यापाई लेकरायची शाळा सुटली. त्याइले बोलता येत नाई, पन आयकू तं येते न? तू बोलत नाई. म्हनून तू."

वडील छताकडे बघत होते.

"मंग आता दादानं राहावं," मी म्हणालो. "मी सोमवारी अकोल्याले जातो."

भावानं रिमोट हातात फिरवला. "राह्यतो," तो म्हणाला. मग म्हणाला, "महिनाभर पाहू."

सिनेमा आवाजाविना चालू होता. दुसऱ्या एका जहाजानं होडी पाहिली होती. चार वाजले. कूस बदलायची वेळ झाली. मी उठलो तर भाऊ म्हणाला, तू बस, मी करतो. त्यानं वडिलांच्या उजव्या खांद्याखाली हात घातला आणि वर ओढलं. तो खांदा ओढायचा नसतो, पाठीखालून सगळं अंग एकदम वळवायचं असतं. वडिलांच्या घशातून आवाज निघाला.

"बाबा, आंग ढिलं सोडा न," भाऊ म्हणाला. "मले काय रोजची सवय हाय काय?"

वडिलांनी डोळे मिटले. आईनं माझ्याकडे पाहिलं, भावाकडे नाही.

मी भावाला बाजूला केलं, एक हात पाठीखाली आणि एक कमरेखाली घातला आणि वडिलांना भिंतीकडे वळवलं. पाठीमागे उशी लावली. एव्हाना सिनेमा संपला होता आणि जाहिराती सुरू झाल्या होत्या.

रविवारी सकाळी मी संपादकांना फोन करून येत नसल्याचं कळवलं. त्यांनी कारण विचारलं. घरगुती, असं मी सांगितलं.