वैशालीताईंची ब्रेल पट्टी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात — एका कारकून बाईंच्या यंत्राला परवानगी द्यायची राहून गेली, एवढंच ना? राहून गेली नव्हती. मी दिली नव्हती.

वाघोलीच्या एका कॉलेजात संगणकांची व्यवस्था मी बघते. तिथे यूएसबीला काहीही जोडलं की आधी अडवलं जातं, परवानगी माझ्याकडे. नियम मीच केला आणि तो चुकीचा नाही — मुलं कुठून काय काय आणून जोडतात.

परीक्षा विभागात वैशालीताई होत्या. त्यांना दिसत नाही. पडद्यावरचा मजकूर ब्रेलमध्ये उमटवणारी एक पट्टी त्या वापरायच्या. स्वतःची, संध्याकाळी घरी न्यायच्या, सकाळी आणायच्या. काढली की परवानगी गेली. म्हणजे रोज मला फोन, आणि मी जाईपर्यंत त्या नुसत्या बसून.

तेवढ्या एका पट्टीपुरता कायमचा नियम करता येतो. दोन ओळींचा. बाकी सगळं बंदच राहतं, धोका काही नाही. मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. आधी नुसता कंटाळा केला. मग एकदा स्टाफरूममध्ये त्या म्हणाल्या, "पट्टी माझी, बोटं माझी, वाचायचं मात्र मॅडमचा चहा झाल्यावर!" सगळे हसले. मीही हसले — आणि ठरवलं, आता नाहीच.

प्राचार्यांना सांगितलं, सुरक्षेचा प्रश्न आहे. हे वाक्य कुणी तपासत नाही. वैशालीताईंना सांगितलं, तुमची पट्टी जुनी आहे, तिला कायमची परवानगी देता येत नाही. त्यांनी तरी कसं तपासावं?

निकालाच्या गडबडीत मी एकदा कामासाठी खराडीला गेले होते. वैशालीताईंचा फोन आला. नाव बघितलं — उचलला नाही. पुन्हा वाजला. गुणांच्या दुरुस्त्या त्या दिवशी गेल्याच नाहीत.

"त्यांना झेपत नाही हो हे," प्राचार्य पुढच्या बैठकीत म्हणाले आणि वैशालीताईंना चौकशीच्या फोनवर बसवलं. मी समोरच होते. तोंड उघडलं का? त्याच बैठकीत सरांनी डिजिटल सहीचं आपलं नवं यंत्र पुढे केलं; रोज कोण परवानगी मागत बसणार, म्हणाले. मी तिथल्या तिथे दोन ओळी लिहून दिल्या.

टेबल आवरून झाल्यावर वैशालीताई माझ्याकडे आल्या.

"पट्टी एका अंधशाळेला देऊन टाकली मी. शिकणाऱ्या पोरांना चालेल जुनी. तुम्हाला मात्र रोज हेलपाटा पडला माझ्यामुळे. वर मी चारचौघांत बोलले. माफ करा हं, मॅडम."

मी म्हटलं, "असू दे."