प्रागमधली रोजची कॉफी

मंडळी, आज सकाळी शेजारच्या सुनंदावहिनींकडे घनघोर युद्ध पाहिलं. त्यांना आणि त्यांचे यजमान अण्णांना महिनाभर युरोपात, प्रागला राहायचंय. अण्णांचं म्हणणं, "पैसे दहाच दिवस पुरतील."

वहिनींनी हॉटेल रद्द करून शेगडीसकट खोली शोधली. जेवायला इथूनच कडक भाकरी आणि शेंगाचटणी. "महिनाभर टिकते की!"

"मग तिथल्या चौकातली रोजची कॉफीपण खर्चातून काढ," अण्णा म्हणाले.

"ती न्हाय निघायची. तितं जाऊन खोलीतच बसायचं, तर सोलापूर काय वाईट हाय?"

अण्णांनी महिनाभराच्या मुक्कामाची तिकिटं काढली.

मितव्ययाचा अर्थ मी संस्कृतच्या वर्गात वर्षानुवर्षं सांगतोय. इतका चविष्ट कधी जमला नाही. तुम्ही काटकसरीतही कशाला हात लावू देत नाही?