पुसायचं नाही

नवी हार्ड डिस्क बॉक्समधून काढली की काका ती आधी जोडायला लावत. डिस्क फिरायला लागली की दोन बोटं तिच्या पाठीवर टेकवत आणि डोळे मिटून उभे राहत. कान लावून उपयोग नव्हता. कान गिरणीत गेले होते. थोड्या वेळाने डोळे उघडून म्हणत, "ही चालेल," किंवा "ही नको, दुसरी काढ." बोटांना काय कळायचं देव जाणे. त्यांनी नाकारलेल्या डिस्क मी दुसऱ्या गिऱ्हाइकांना दिल्या आणि त्या बिनतक्रार चालल्या. त्यांनी पसंत केलेली एक तर महिन्याभरातच बसली.

लालबागला माझं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं छोटं दुकान आहे. ते काळाचौकीला राहत आणि आसपासच्या चाळींतली लग्नं, बारशी यांचं व्हिडिओ शूटिंग करत. सगळे त्यांना शूटिंगवाले काका म्हणत, मीही म्हणायचो. तरुणपणी ते साचेवाले होते, म्हणजे कापड विणायच्या यंत्रांवर. त्या खात्यात इतका आवाज असे की माणसं एकमेकांशी ओठांनी आणि हातांनी बोलत. संप झाला. गिरणी पुन्हा सुरू झाली तेव्हा काकांना आत घेतलं नाही. मग ते एका शूटिंगवाल्याकडे हॅलोजनचा दिवा धरून उभे राहायला लागले आणि दिवा धरता धरता कॅमेरा शिकले.

तुम्ही कधी अशा लग्नात असाल तर त्यांना पाहिलंही असेल. पांढरा शर्ट, गळ्यात पट्टा, आणि भटजी काय म्हणतायत ते त्यांच्या ओठांवरून ओळखणारा माणूस. स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे दुकानात आपलं शूटिंग लावून बघताना हमखास विचारत, "आवाज येतो ना नीट?" आणि तेही इतक्या मोठ्याने की रस्त्यावरची माणसं वळून बघत. मी मान हलवली की त्यांचं समाधान व्हायचं.

दुसरे शूटिंगवाले गिऱ्हाइकाला डीव्हीडी दिली की मूळ शूटिंग पुसून कार्ड मोकळं करतात. काका पुसत नसत. न कापलेलं, न जोडलेलं, सगळं ठेवून देत. मी त्यांना कागदावर लिहून सांगत असे की डीव्हीडीला मुंबईच्या हवेत बुरशी धरते, पेन ड्राइव्ह नेण्या-आणण्यापुरता, साठवणीला नाही. घरच्या फोटोंसाठी एक डिस्क आणि तिची एक कॉपी पुरते. धंद्याचं काम असेल तर दोन डिस्क, वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या घरांत. एवढं त्यांनी ऐकलं. एक डिस्क स्वतःच्या कपाटात आणि तिची जोडीदार शिवडीला बहिणीकडे.

"काका, कशाला एवढा पसारा? जुनं काढून टाका की," असं मी एकदा लिहिलं.

"पुसायचं नाही," ते म्हणाले. "माणसं परत येतात रे. कोणाचा बाप जातो, कोणाची आई. मग येतात, एकदा दाखव म्हणतात."

असाच एक बाप त्यांच्याकडे आला. काकांच्याच खात्यातला जुना साचेवाला. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत त्याला खोली लागली होती, आणि त्याच सुमारास त्याने एकुलत्या एका मुलीचं लग्न करून दिलं होतं. लग्नाचं शूटिंग काकांचं. दोन-अडीच वर्षांत मुलगी गेली. गच्चीवर कपडे वाळत घालताना पाय घसरला, असं सासरच्यांनी सांगितलं. पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलं. लग्नाची डीव्हीडी सासरीच राहिली होती, ती मागायला कोण जाणार?

काका त्याला घेऊन माझ्याकडे आले. सोबत कपाटातली डिस्क.

"ह्याच्याकडे फक्त टीव्ही आहे," काका म्हणाले. "टीव्हीला लागेल असं काहीतरी दे. पोर दिसली म्हणजे झालं."

टीव्हीसाठी पेन ड्राइव्ह बरा, आणि जपून ठेवायला एक छोटी डिस्क, असं मी सांगितलं. कॉपी केली आणि ती नीट चालते का ते बघायला मधूनच एक तुकडा लावला. जेवणाची पंगत होती. कॅमेरा स्टँडवर होता आणि समोर ती मुलगी हातात जिलबीचा घास धरून नवऱ्याचं नाव घ्यायचं टाळत हसत होती. डीव्हीडीत ह्या जागी सनई घातलेली असणार. इथे मूळ आवाज होता. कॅमेऱ्याच्या मागे, अगदी जवळ, दोन माणसं बोलत होती.

"व्याही, सोडतीची खोली आमच्या पोराच्या नावावर कधी करताय ते आज सांगा. उद्यापासून पोर आमच्याकडे आहे, ध्यानात ठेवा."

"करतो. कागद होऊ द्यात. तिला मात्र काय बोलू नका."

दुसरा आवाज माझ्या दुकानात उभ्या असलेल्या माणसाचा होता. त्याने पुढे होऊन स्क्रीनवर आडवा हात धरला.

काका एकदा स्क्रीनकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. "काय झालं? आवाज येतो ना नीट?" त्यांनी विचारलं.

मी तुकडा थांबवला. बाप मला हळू आवाजात म्हणाला, "तेवढं पुसून टाका. मी होय म्हटलं होतं. घरी कोणाला माहीत नाही. नंतर खोली देईनासा झालो, तर तिलाच पुन्हा पुन्हा पाठवायचे मागायला. मी तिला परत पाठवायचो."

मी एका बिलाच्या मागे सगळं लिहून काकांपुढे सरकवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग बापाच्या खांद्याला धरून त्याला समोरच्या चहाच्या टपरीवर नेलं. तिथे काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. काका मोठ्याने बोलत असत, पण त्या दिवशी ते जुन्या खात्यातल्यासारखे नुसते ओठ आणि हात हलवत होते, आणि तो माणूस तसंच उत्तर देत होता. चहा तसाच राहिला. परत आल्यावर काका म्हणाले, "दोन कॉप्या अजून कर. आम्ही चौकीवर जातोय."

पोलिसांनी मूळ डिस्क मुद्देमाल म्हणून ठेवून घेतली. त्यानंतर काकांच्या जिन्यात अनोळखी पोरं उभी राहायला लागली. एकदा त्यांचा कॅमेरा कोणीतरी दुसऱ्या मजल्यावरून खाली टाकला. ते दुकानात आले तेव्हा कॅमेऱ्याचं नाव काढलं नाही. शिवडीच्या डिस्कची आणखी एक कॉपी करून घेतली आणि गेले.

खटला बरीच वर्षं रेंगाळला. कॉपी मी केल्यामुळे मलाही साक्षीला बोलावलं होतं. काकांना प्रश्न ओरडून विचारावे लागत. समोरच्या वकिलाने विचारलं, "तुम्हाला ऐकू येत नाही, मग हा आवाज खरा आहे हे कशावरून सांगता?"

"मी कुठे सांगतोय," काका म्हणाले. "ऐकायला कॅमेरा होता. मी नुसता मागे उभा होतो."

बोलणाऱ्यांचे चेहरे चित्रात नव्हते. म्हणून बापाला उभं राहून सांगावं लागलं, "दुसरा आवाज माझा." बायको मागच्या बाकावर बसलेली असताना त्याने ते सांगितलं. ती उठून बाहेर गेली आणि पुढे गावाला भावाकडे राहायला गेली, ती परत आलीच नाही.

नवऱ्याला आणि सासऱ्याला शिक्षा झाली. सासरा वयाकडे बघून जामिनावर सुटला, अपील चालू आहे. सोडतीच्या खोलीला कुलूप आहे.

काकांची कामं मात्र निकालाच्या आधीच सुटत गेली. हा माणूस सगळं ठेवतो, हे आता गल्लीगल्लीत कळलं होतं. सुरुवातीला लोक चुकवायला लागले. मग एक दिवस एक नवरा-बायको काकांना घेऊन माझ्या दुकानात आले. चांगल्या घरातली, नोकरीवाली माणसं.

"आमचं लग्न ह्यांच्याकडे आहे," बाई म्हणाल्या. "आमच्यासमोर काढून टाका. रिसायकल बिनमधूनसुद्धा."

मी काकांकडे बघितलं. त्यांनी ओठांवरून ओळखलं होतं. "कर," ते म्हणाले. "त्यांचं आहे ते." त्या दिवशी मी शिवडीची डिस्कही मागवून घेऊन तिच्यातूनही त्यांचं लग्न पुसलं. मग आणखी घरं आली. कोणी विचारत नव्हतं की तुमच्या शूटिंगमध्ये असं काय आहे. बहुतेकांत काहीच नसणार. तरी येत राहिले. काका प्रत्येक वेळी शेजारी उभे राहून बघत. एकदा मी लिहून विचारलं, "काका, मी खोटंच सांगू का, पुसलं म्हणून?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

शेवटची दोन वर्षं ते दुकानात फारसे आलेच नाहीत. गल्लीतून वरात निघाली की रस्त्याच्या कडेला हात मागे बांधून उभे असत. नवरा-नवरीकडे बघत नसत. मागून चालणाऱ्या माणसांचे चेहरे बघत.

ते गेल्याचं कळलं तेव्हा मी काळाचौकीला गेलो. खोलीत माणसं थोडीच होती. त्यांना खाली ठेवलं होतं आणि उशाशी तो मुलीचा बाप बसला होता. तो त्यांच्या कानाजवळ वाकून काहीतरी सांगत होता, अगदी हळू. बाहेर सगळी तयारी झाली, कोणीतरी "चला" म्हणालं. काकांच्या बहिणीने हाताने माणसांना थांबायची खूण केली. त्याचं बोलणं संपेपर्यंत आम्ही सगळे गॅलरीत उभे राहिलो.