भोंग्याची हाक

आमच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात त्याला सगळे भोंगा म्हणत. अंगावर मूठभर मांस, पण आवाज असा की चालू यंत्रावरूनही ऐकू यायचा. रस्सीखेचीच्या संघात त्याने कधी दोराला हात लावला नाही. तो बाजूला उभा राहून हाक द्यायचा. ओढणाऱ्याचं तोंड आभाळाकडे, त्याला काही दिसत नाही. भोंगा 'ओढा' म्हणाला की ओढायचं, 'धरा' म्हणाला की धरायचं. तो 'सोडा' म्हणेपर्यंत मेलं तरी सोडायचं नाही, असा आमचा नियम. हा नियम आम्ही मोठ्या फुशारकीने सांगायचो.

सगळ्यात मागे, सगळा भार अंगावर घेऊन, पॅकिंगमधला दादा असायचा. एक सामना आम्ही जिंकलो, आणि पाव तासाने दादा नळापाशी कोसळला. परत उठला नाही. हृदय आधीच कमजोर होतं, असं डॉक्टर म्हणाले. कोणी कोणाला बोल लावला नाही.

त्यानंतर भोंग्याची वाचाच बसली. सामन्याला यायचा आणि नुसता रुमाल हलवायचा. आभाळाकडे बघणाऱ्याला रुमाल काय कामाचा, कपाळ! दोन वर्षं आम्ही सगळ्यांकडून मार खाल्ला, ऑफिसातल्या बाबूंकडूनसुद्धा. दादाच्या जागी आता मी होतो. तिथे उभं राहिलं की पाठीमागे कोणीतरी धापा टाकतंय असं वाटायचं. मी कधी वळून बघितलं नाही.

शेवटी दादाची बायको, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या वहिनी, जेवणाच्या सुट्टीत मैदानावर आल्या. त्याही आता पॅकिंगमध्येच होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांच्यासाठी गप्प बसू नका. तुमच्या आवाजावर फार जीव होता त्यांचा."

भोंगा मग आम्हा सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, त्याने मान हलवली होती. नको म्हणून. मला दिसलं होतं. तरी मी 'धरा' म्हणालो."

आमच्या पायांखालची जमीन सरकली. वहिनी रडल्या नाहीत. "मग आता नीट बघा," एवढंच म्हणाल्या आणि कामावर गेल्या.

पुढच्या सामन्यात भोंगा ओरडला. दोन वर्षं कोंडलेला आवाज तो, ऐकताच अंगात दहा हत्तींचं बळ आलं. समोरचे घसरू लागले. अजून हातभर, की जिंकलोच. घाम डोळ्यांत गेला म्हणून मी मान झटकली.

"सोडा."

आम्ही सोडलं. नियमच तो. समोरचे धडाधड उताणे पडले, आणि पडूनही जिंकले. माझं डोकं असं फिरलं की भोंग्याला चांगला फैलावर घ्यावा. पण तोच धावत आला आणि त्याने माझ्या छातीवर हात ठेवला. बरा आहेस ना, बरा आहेस ना, पुन्हा पुन्हा तेच विचारत होता.

मी ठणठणीत होतो. वहिनी कडेला उभ्या होत्या. बाकीचे त्याच्यावर तोंड टाकायच्या बेतात होते.

"छातीत कळ आली होती," मी म्हणालो. "बरं झालं, सोडायला लावलंस."