दाबून ठेवलेलं उत्तर

तो शुक्रवार आठवला की अजूनही माझं डोकं तडकतं. मी तेव्हा दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अवर सचिव होते. भारतासह काही देशांनी मिळून एक गट केला होता. दुर्मिळ खनिजं आणि त्यांपासून बनणारी चुंबकं यांसाठी कुणा एकाच देशाच्या तोंडाकडे बघावं लागू नये, अडीअडचणीत एकमेकांना सांभाळून घ्यावं, असा त्यांचा उद्देश होता. भाषणं तर अशी गोड की चहात साखर नको.

माझा जीव मात्र गटाच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यातल्या एका वाक्यात अडकला होता. जुन्या मोटरींमधल्या मालापासून बनवलेल्या चुंबकांची चाचणी एका देशात झाली, की बाकीच्यांनी ती ग्राह्य धरायची, एवढंच ते वाक्य. नोएडात एक पुण्याची इंजिनियर बाई भंगारातल्या मोटरी फोडून, त्यांतल्या चुंबकांची पूड करून नवी चुंबकं घडवायची. आर. के. पुरममध्ये माझ्या शेजारणीकडे आमची ओळख झाली. तिचा माल उत्तम होता, पण बाहेरचे लोक प्रत्येक वेळी आपल्याच देशात नव्यानं चाचणी मागायचे आणि त्यात महिनेच्या महिने जायचे.

"ताई, ते वाक्य राहिलं तर माझं वर्कशॉप राहील. नाहीतर कठीण आहे यार," ती म्हणाली होती.

"राहील. मीच लिहिलंय ते," मी म्हणाले. काय तो माझा तोरा!

आणि बुधवारी मेल आला. दोन देशांना ते वाक्य नको होतं. शुक्रवारी पाचपर्यंत कुणी हरकत घेतली नाही, तर ते सगळ्यांच्या संमतीनं गाळलं, असं समजलं जाणार होतं. मी त्याच दिवशी हरकतीचं उत्तर लिहून साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं आणि फाईल मिटली.

"अभी दबाके रखो. जवाब नहीं देंगे तो समझ जाएँगे कि हम राज़ी नहीं."

सगळी नोकरी त्यांनी अशीच नकार देत काढली होती. आमच्याकडे 'नाही' असं कुणी कागदावर लिहीत नाही. फाईलवर बसून राहायचं, समोरचा काय ते समजून जातो.

"सर, इसमें चुप रहने का मतलब हाँ है," मी म्हणाले.

"मैडम, आप ज़्यादा सोचती हैं."

मेल माझ्याच कॉम्प्युटरवर तयार होता. शुक्रवारचे पाच वाजले तरी मी तो पाठवला नाही. साहेबांचा राग येतोच, पण माझा गोपनीय अहवाल तेच लिहिणार होते, म्हणून मी हात आखडला, याचा राग त्याहून जास्त येतो.

वाक्य गेलं. सोमवारी साहेब खुशीत म्हणाले, "चलो, सबकी सहमति हो गई."

पुढे काही महिन्यांनी ती इंजिनियर बाई माझ्या ऑफिसात आली. या वेळी तिनं मला ताई म्हटलं नाही. वर्कशॉप बंद करत होती. साठलेली चुंबकं भंगार म्हणून बाहेर विकायची होती, त्या परवानगीचा अर्ज तिनं टेबलावर ठेवला. घेणारी कंपनी त्या दोन देशांपैकीच एकातली होती.

"मॅडम, हे तरी लवकर होईल ना?"

झालं. साहेबांनी त्याच दिवशी सही केली.